बदललेला गुडघा गरम लागतोय, रात्री ठणकतोय? गोळी गिळायच्या आधी हे वाचा

मी फिजिओ आहे, नाशिकमध्ये घरोघरी जाऊन गुडघे-खुबे बदललेल्या लोकांचे व्यायाम घेते. सकाळी गंगापूर रोड, दुपारी इंदिरानगर, संध्याकाळी पंचवटी, असं स्कूटीवर फिरणं चालू असतं. सर्जन पेशंटला महिन्यातनं एकदा बघतात, मी आठवड्यातनं तीनदा, त्यामुळे सांधा बिघडायला लागला की बऱ्याचदा पहिला हात माझाच लागलेला असतो. आणि सरळ सांगते, एकदा मीच चुकलेय.

पंचवटीतल्या एक काकू, गुडघा बदलून चौदा महिने झालेले, रोज गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, जाऊन यायच्या. एक दिवस म्हणाल्या, "गुडघा जड वाटतोय गं, रात्री ठणकतो." हात लावला तर दुसऱ्या गुडघ्यापेक्षा गरम. मी म्हटलं नवीन व्यायाम सुरू केलेत ना, जास्त झालं असेल, दोन दिवस बर्फ लावा. तेवढ्यात नातवाने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधनं पाच दिवसांची अँटिबायोटिक आणली, दुखणं कमी झालं, सगळे खूश. तीन आठवड्यांनी परत सूज, परत तोच पाच दिवसांचा कोर्स, असं तीनदा झालं. शेवटी सर्जननी सुईने सांध्यातलं पाणी काढलं तर पांढऱ्या पेशी भरमसाट, पण कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात त्या तपासणीत, काहीच उगवेना. जंतू होता, गोळ्यांनी अर्धमेला झालेला, लॅबच्या ताटलीत वाढण्याइतका दम त्याच्यात राहिला नव्हता. जंतू कुठला ते कळेना, म्हणून औषध कुठलं द्यायचं तेही कळेना, आणि लवकर पकडला असता तर सांधा वाचवायची जी संधी होती ती दोन महिन्यांत निघून गेली.

तेव्हापासून मी प्रत्येक घरात पहिल्या दिवशीच सांगते, पाणी आधी, गोळी नंतर, म्हणजे सांध्यातलं पाणी काढून तपासायला दिल्याशिवाय अँटिबायोटिक नाही. हा लेख त्याचाच विस्तार आहे. निर्णय तुमच्या सर्जननीच घ्यायचा, पण त्यांच्याकडे कधी पळायचं, काय मागायचं, काय विचारायचं हे घरच्यांना माहीत असलं की बराच वेळ वाचतो.

आधी हे समजून घ्या की हे इन्फेक्शन वेगळं का

आपल्या स्वतःच्या सांध्यात जंतू गेला तर रक्तातनं पांढऱ्या पेशी येतात, औषध पोचतं. धातूला आणि प्लॅस्टिकला रक्तपुरवठाच नाही. जंतू तिथे जाऊन चिकटतो आणि काही दिवसांत स्वतःभोवती एक बुळबुळीत थर तयार करतो, त्याला बायोफिल्म म्हणतात. गोदाघाटाच्या पायऱ्यांवरचं शेवाळ आठवा, वरून कितीही पाणी वाहू दे, ते खरवडल्याशिवाय निघत नाही. थराच्या आतले जंतू झोपल्यासारखे सुस्त असतात आणि बहुतेक अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जंतूंनाच मारतात. म्हणून नुसत्या गोळ्यांनी बदललेल्या सांध्याचं इन्फेक्शन बरं होत नाही, दबतं. थर नवा असताना खरवडून निघतो, जुना झाला की धातूच काढावा लागतो, बाकी सगळे उपाय या एका गोष्टीवर उभे आहेत.

किती जणांना होतं? पहिल्यांदा बदललेल्या गुडघ्या-खुब्यात साधारण शंभरात एक ते दोन. दुसऱ्यांदा केलेल्या म्हणजे रिव्हिजनच्या सांध्यात त्याहून बरंच जास्त. म्हणजे घाबरून ऑपरेशन टाळायचं कारण नाही, पण ज्याला होतं त्याचं घर हलतं हेही खरं.

जंतू बहुतेक वेळा आपल्या कातडीवरचेच, स्टॅफिलोकोकस मंडळी. त्यातला ऑरियस जोरात येतो, ताप-सूज-पस असा गाजावाजा करतो. एपिडर्मिडिस मात्र गुपचूप, महिनोन्महिने नुसतं दुखणं आणि हळूहळू सांधा सैल होणं. खांदा बदललेल्यांमध्ये क्युटीबॅक्टेरियम नावाचा एक त्याहून चोर जंतू असतो, ना लाली ना ताप, फक्त खांदा आखडलेला. आणि आपल्याकडे टीबीसुद्धा डोक्यात ठेवावा लागतो.

पायरी पहिली: नेहमीचं काय आणि गडबड कुठली

ऑपरेशननंतर गुडघा काही महिने थोडा कोमट लागतो, संध्याकाळी थोडा सुजतो, हे चालतं. दर आठवड्याला आधीच्या आठवड्यापेक्षा बरं वाटतंय का एवढंच बघायचं. दुखण्या-सुजेचा आलेख खाली जातोय तोवर ठीक. खाली जाता जाता परत वर चढला, किंवा कधी खाली गेलाच नाही, "ऑपरेशन झाल्यापासून मला एक दिवस चैन नाही" असं पेशंट म्हणतो, तर ते नाटक समजू नका. असे पेशंट घरात फार ऐकून घेतात, सून म्हणते व्यायाम करत नाहीत, मुलगा म्हणतो सवय झालीये कुरकुरीची.

जखमेतनं पाणी किंवा लस येणं पहिले तीन-चार दिवस समजू शकतो. पाच-सात दिवसांनंतरही ड्रेसिंग भिजतंय तर सर्जनना त्याच दिवशी दाखवायचं, "वरच्या वर टाक्याला थोडं पाणी आहे" म्हणून घरी पट्ट्या बदलत बसायचं नाही. टाके निघाल्यावर कडेला काळपट पडणं, उसवणं, हेही तसंच. आणि जुन्या व्रणाजवळ पुटकुळीसारखं छिद्र पडून त्यातनं अधूनमधून पस येत असेल, जुनी माणसं ज्याला नासूर म्हणतात, आणि ते सांध्यापर्यंत पोचलेलं असेल तर मग शंकेला जागाच नाही, तेवढ्या एका गोष्टीवर इन्फेक्शन पक्कं धरतात.

दुखण्याचा प्रकारही बघा. चालल्यावर दुखतं आणि बसल्यावर थांबतं ते बहुधा यांत्रिक. झोपेत ठणकतं, बसल्या जागी ठणकतं, ते संशयास्पद. खुब्याचं दुखणं जांघेत किंवा मांडीत जाणवतं, त्यामुळे लोक कंबरेचे एक्सरे काढत फिरतात. आणि ताप हवाच असं अजिबात नाही, जुनाट इन्फेक्शनमध्ये बऱ्याच जणांना ताप येतच नाही. "ताप नाही ना, मग इन्फेक्शन नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय.

आता एक अपवाद, नीट वाचा. हुडहुडी भरून ताप, सांधा एका रात्रीत टम्म, बीपी पडलेलं, माणूस बरळतोय, तर मग "पाणी आधी" वगैरे नियम घेऊन घरी बसायचं नाही, सरळ इमर्जन्सीत. तिथे डॉक्टर रक्ताचं कल्चर आणि जमलं तर सांध्याचं पाणी तासाभरात घेतील आणि अँटिबायोटिक लगेच सुरू करतील, कारण तिथे प्रश्न जिवाचा असतो.

पायरी दुसरी: चार गोष्टी करू नका

अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने नाही. मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने नाही, शेजारच्या काकांच्या उरलेल्या स्ट्रिपमधनं नाही, आणि फॅमिली डॉक्टरनी दिली तर हात जोडून सांगा की डॉक्टर, सांधा बदललेला आहे, आधी सर्जनना फोन करते. चांगले डॉक्टर यावर चिडत नाहीत. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते, त्याने कल्चर बिघडत नाही.

लेप, शेक, मालिश, बिब्बा नाही. बिब्ब्याबद्दल खास सांगते कारण दिंडोरी, पेठ, सुरगाणा भागातनं येणाऱ्या पेशंटांमध्ये अजून बघायला मिळतं, दुखऱ्या गुडघ्यावर बिब्ब्याचं तेल लावतात, कातडी भाजते, फोड येतात आणि जंतूंना आणखी एक दार उघडतं. शिवाय पुढे ज्या कातडीतनं ऑपरेशन करायचं तीच खराब झालेली.

बदललेल्या सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन नाही, कुणी कितीही म्हटलं तरी. आणि छोट्या दवाखान्यात टेबलावर बसवून पाणी काढून घेणं नाही. ते काम नीट निर्जंतुक जागेतच, शक्यतो ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे, नाहीतर बाहेरचा जंतू आपणच आत घालू.

पायरी तिसरी: रक्त आणि एक्सरे

पहिल्या दिवशी सीआरपी, ईएसआर (शरीरात कुठे दाह चालू आहे का ते दाखवणाऱ्या रक्ताच्या दोन तपासण्या), सीबीसी आणि शुगर. ऑपरेशनला सहा आठवडे उलटून गेले असतील तर सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर आणि ईएसआर ३० च्या वर हे संशयाचे आकडे. इथे एक गंमत होते, गंमत कसली, गोंधळच. काही लॅब सीआरपी लिटरमागे देतात, काही डेसिलिटरमागे. एका रिपोर्टवर १८, दुसऱ्यावर १.८, आणि घरचे पेढे वाटायला निघतात. दोन्ही एकच आहे. त्यामुळे आकड्याशेजारचं एकक वाचा आणि शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये करा.

ऑपरेशन झाल्या झाल्या सीआरपी चढतोच, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात वर असतो, मग उतरत दीड-दोन महिन्यांत जागेवर येतो. ईएसआरला कित्येक महिने लागतात. म्हणून ताज्या ऑपरेशनमध्ये एक आकडा बघून काही कळत नाही, उतरता उतरता परत चढला का ते बघायचं.

सीआरपी इतर कशानेही वाढतो, लघवीचं इन्फेक्शन, आमवात, पावसाळ्यात चिकुनगुनिया. चिकुनगुनियामध्ये बरेच सांधे धरतात, फक्त बदललेलाच एक गुडघा गरम असेल तर डासावर ढकलू नका. उलटंही होतं, चोर जंतू असेल तर सीआरपी अगदी नॉर्मल येतो. एका इंदिरानगरच्या काकांना नॉर्मल सीआरपीवर आठ महिने "सगळं ठीक आहे" सांगितलं गेलं होतं, सांधा मात्र सैल होत चालला होता. रिपोर्ट नॉर्मल आणि दुखणं चालूच असेल तर पुढची पायरी मागून घ्या.

एक्सरे काढाच, पण जुने एक्सरे सोबत न्या. नव्यात काही दिसत नसतं, जुन्याशेजारी ठेवला की धातू आणि हाडाच्या मध्ये रुंदावलेली काळी रेघ दिसते. बोन स्कॅनवर मी फार भर देणार नाही, ऑपरेशननंतर वर्ष-दोन वर्षं तो असाही उजळलेला दिसू शकतो. एमआरआयचंही तेच, धातूमुळे चित्र बिघडतं, खर्च मात्र होतो.

पायरी चौथी: सांध्यातलं पाणी, इथेच सगळा खेळ आहे

अँटिबायोटिक चालू असेल आणि पेशंटची तब्येत स्थिर असेल तर डॉक्टर ती किमान दोन आठवडे थांबवून मग पाणी काढतात. हे दोन आठवडे घरच्यांना फार जड जातात, "औषध बंद करून ठेवलंय आमचं" म्हणून डॉक्टर बदलायला निघतात. थांबा. त्या दोन आठवड्यांवर पुढचे सहा महिने अवलंबून असतात. मात्र या काळात ताप आला किंवा सूज वाढली तर लगेच कळवायचं.

पाणी ऑपरेशन थिएटरमध्ये किंवा तशाच स्वच्छ खोलीत काढतात, खुब्याचं असेल तर सोनोग्राफी किंवा सीआर्म म्हणजे पडद्यावर चालू दिसणाऱ्या एक्सरेच्या मदतीने. ते तीन ठिकाणी वाटायचं असतं. थोडं जांभळ्या झाकणाच्या बाटलीत पेशी मोजायला, थोडं निर्जंतुक बाटलीत, आणि थोडं थेट रक्ताच्या कल्चरच्या बाटलीत, त्यात जंतू सापडण्याची शक्यता वाढते. आणि ते लवकर लॅबमध्ये पोचायला हवं, पेशी वाट बघत बसत नाहीत, फुटतात. संध्याकाळी द्वारकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली बाटली दुसऱ्या दिवशी मोजली तर आकडा खोटा येणार, म्हणून मी म्हणते सकाळची वेळ मागा आणि बाटली कोण, कुठे, किती वाजता नेणार हे आधी ठरवा.

लॅबच्या फॉर्मवर दोन गोष्टी लिहिल्यात का बघा: एक, हा कृत्रिम सांधा आहे, आणि दोन, कल्चर १४ दिवस ठेवा. नेहमीचं कल्चर तीन-पाच दिवसांत "ग्रोथ नाही" म्हणून बंद करतात आणि सावकाश वाढणारे जंतू तिथेच निसटतात. जुनाट केस असेल तर बुरशी आणि टीबीची तपासणीही मागून घेतलेली बरी.

आता आकडे. हे महत्त्वाचं आहे कारण इथे मोठमोठे लोक फसतात. नैसर्गिक सांध्यात पस झाला म्हणायला साधारण ५० हजार पेशींचा हिशोब डोक्यात असतो. बदललेल्या सांध्यात, ऑपरेशनला सहा आठवडे होऊन गेले असतील तर, ३,००० च्या वर पेशी आणि त्यात न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) ८० टक्क्यांच्या वर, एवढंही पुरेसं संशयास्पद आहे. पहिल्या सहा आठवड्यांत मात्र ऑपरेशनमुळेच पेशी जास्त असतात, तेव्हा १०,००० आणि ९० टक्के असा उंबरठा धरतात, सीआरपीही १०० च्या वर. तर रिपोर्टवर ६,००० लिहिलंय आणि कुणी म्हणालं "फार नाहीयेत", तर विचारा की हा आकडा कृत्रिम सांध्याच्या हिशोबाने बघितलाय ना.

लघवी तपासायची साधी पट्टी असते ना, तिच्यावरचा ल्युकोसाइट इस्टरेजचा चौकोन सांध्याच्या पाण्याने जांभळा झाला तर तोही एक पुरावा. दोन मिनिटांत होते, स्वस्त आहे, फक्त पाण्यात रक्त मिसळलं असेल तर आधी फिरवून वेगळं करावं लागतं. अल्फा डिफेन्सिन नावाची महाग तपासणीही आहे, तिच्यावाचून काही अडत नाही.

या सगळ्याची बेरीज कशी करायची त्याचे नियम २०१८ मध्ये जगभरातल्या सर्जननी एकत्र बसून ठरवलेत. नासूर सांध्यापर्यंत असेल किंवा दोन वेगवेगळ्या नमुन्यांत एकच जंतू सापडला तर इन्फेक्शन पक्कं. नाहीतर गुण मोजायचे: सीआरपीला २, ईएसआरला १, पाण्यातल्या पेशींना किंवा पट्टीला ३, न्यूट्रोफिलच्या टक्क्याला २ असं करत ६ किंवा जास्त झाले तर इन्फेक्शन धरायचं, २ ते ५ म्हणजे अजून संशय. पंचवटीच्या काकूंचं निदान असंच गुणांवर झालं, कल्चर कोरं असूनही. एकाच नमुन्यात कातडीवरचा जंतू सापडला तर तो सुईबरोबरही आलेला असू शकतो, म्हणून परत पाणी काढूया म्हणाले तर कुरकुर करू नका.

पायरी पाचवी: ऑपरेशन कुठलं, आणि का

लवकर पकडलं तर सांधा वाचतो. ऑपरेशन होऊन साधारण महिन्याच्या आत, किंवा जुना चांगला चाललेला सांधा अचानक बिघडून तीन आठवड्यांच्या आत, धातू घट्ट असेल, कातडी धड असेल आणि जंतूवर चालणारं औषध असेल, तर सांधा उघडून आतलं खराब मांस काढतात, भरपूर धुतात, प्लॅस्टिकचा तुकडा बदलतात आणि धातू तसाच ठेवतात. प्लॅस्टिक बदलणं महत्त्वाचं, त्याच्या मागे शेवाळ लपलेलं असतं आणि ते काढल्याशिवाय मागे हात पोचत नाही. दुर्बिणीतनं धुऊन देतो असं कुणी म्हणालं तर दुसरं मत घ्या, गुडघ्यात दुर्बिणीला तिथवर जाता येत नाही.

उशीर झाला तर धातू काढावा लागतो, आणि मग एका टप्प्यात की दोन. एका टप्प्यात म्हणजे जुना काढला, साफ केलं, त्याच भुलेत नवा बसवला. जर्मनीत हॅम्बर्गला १९७० च्या दशकापासून हे करतायत, पण त्यासाठी जंतू आधी माहीत हवा, त्यावर औषध हवं, हाड आणि कातडी चांगली हवी. बघा, परत "पाणी आधी" वर येतोय आपण, कल्चर कोरं आलं की हा पर्याय बहुतेक सर्जन बाजूलाच ठेवतात. खुब्याच्या बाबतीत ब्रिटन आणि स्वीडनमधल्या तुलनेत, २०२२ मध्ये छापून आलेल्या, दीड वर्षाने पेशंटच्या दुखण्या-चालण्यात दोन्ही पद्धतींत फरक दिसला नाही.

दोन टप्प्यांत जास्त होतं. पहिल्यात धातू काढतात आणि रिकाम्या जागी अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता तुकडा ठेवतात, स्पेसर. व्हॅन्कोमायसिन, जेंटामायसिन अशी औषधं घालतात, कारण सिमेंट आवळताना तापतं आणि ती उष्णता ही औषधं सहन करतात. मग दोन-तीन महिने, कधी जास्त, इन्फेक्शन गेलं असं वाटलं की नवा सांधा.

स्पेसरचे महिने कसे असतात ते मला विचारा, कारण डॉक्टरांच्या फाईलीत ते एका ओळीत संपतात. वॉकर लागतो, पायावर किती वजन द्यायचं ते सर्जन सांगतील तेवढंच. जिने बंद, म्हणजे लिफ्ट नसलेल्या सिडकोच्या घरात दुसऱ्या मजल्यावर राहत असाल तर तळमजल्यावर कुणाकडे सोय होते का ते ऑपरेशनआधीच बघा. कमोडची खुर्ची घ्या. गुडघा वाकत नाही किंवा थोडाच वाकतो, मांडीचे स्नायू झपाट्याने वाळतात, म्हणून पडल्या पडल्या मांडी आवळायचा व्यायाम तासातासाला दहा वेळा. घोट्याची हालचाल चालू ठेवा, नाहीतर पोटरीत गुठळी. आणि मन फार खचतं, काकू पंधरा दिवस कुणाशी बोलल्या नाहीत, त्यांना रोज संध्याकाळी गॅलरीत नेऊन बसवणं हा अर्धा उपचार होता.

ऑपरेशनच्या वेळी एकच नमुना पाठवून भागत नाही, पाच-सहा वेगवेगळ्या जागचे तुकडे, प्रत्येकासाठी वेगळं अवजार, असं असतं. सर्जनना आधी विचारा किती नमुने पाठवणार. काढलेला धातू ध्वनिलहरींनी हलवून शेवाळातले जंतू सोडवायची सोय काही मोठ्या लॅबमध्ये असते, तिथे अँटिबायोटिक घेतलेल्या पेशंटमध्येही जंतू सापडायची शक्यता वाढते.

ज्यांची तब्येत मोठं ऑपरेशन झेपण्यासारखी नाही त्यांना आयुष्यभर दबावाच्या गोळ्या देतात. इन्फेक्शन जात नाही, दबून राहतं, हे कबूल करूनच. सांधा कायमचा जोडून टाकणं, खुब्याचा सांधा काढून तसंच सोडणं, आणि अगदी शेवटी पाय काढणं, हे पर्यायही आहेत.

पायरी सहावी: औषधाचे महिने

पूर्वी सहा आठवडे शिरेतनंच औषध द्यायचे. २०१९ मध्ये ब्रिटनच्या हजारावर हाडा-सांध्यांच्या पेशंटांच्या अभ्यासात पहिल्या आठवड्यानंतर गोळ्यांवर आणलं तरी निकाल तसाच आला. म्हणून डॉक्टर गोळ्या देतायत म्हणजे हलक्यात घेतायत असं समजू नका. गोळी चालायला मात्र जंतूचं नाव हवं.

किती दिवस? २०२१ मध्ये फ्रान्समध्ये सहा आणि बारा आठवड्यांची तुलना झाली, सहावाल्यांमध्ये इन्फेक्शन टिकून राहायचं प्रमाण १८ टक्के, बारावाल्यांमध्ये ९ च्या आसपास. म्हणून बरं वाटतंय म्हणून आठव्या आठवड्यात गोळ्या सोडायच्या नाहीत.

स्टॅफिलोकोकस असेल आणि धातू आत ठेवला असेल तर रिफाम्पिसिन जोडतात, ते शेवाळात शिरतं. लघवी नारिंगी होते, घाबरू नका. ते एकटं कधीच द्यायचं नसतं, जंतू काही दिवसांत शिरजोर होतो, आणि जखम कोरडी झाल्यावरच सुरू करतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या, मधुमेहाच्या काही गोळ्या यांचा जोर ते कमी करतं, म्हणून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांपुढे ओता, पिशवीच घेऊन जा. आणि हे टीबीचंही औषध आहे, त्यामुळे टीबीची शंका असेल तर आधी ती मिटवायची. लिवोफ्लॉक्सासिनसारखी गोळी असेल तर दूध, कॅल्शियम, लोह यांच्याबरोबर नको, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, आणि टाचेमागची दोरीसारखी कंडरा दुखली तर लगेच सांगा. लिनेझोलिड दोन आठवड्यांच्या वर गेलं की दर आठवड्याला सीबीसी, पायाला मुंग्या किंवा नजर अंधूक झाली तर त्याच दिवशी फोन. व्हॅन्कोमायसिन चालू असेल तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची तपासणी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, डोक्यात राहत नाही.

या काळात शुगर आवरणं हे अँटिबायोटिकइतकंच मोठं काम आहे. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) साडेसात-आठच्या वर असेल तर नवा सांधा बसवायची घाई बहुतेक सर्जन करत नाहीत. प्रथिनं वाढवा, अंडी, डाळ, पनीर, शाकाहारी घरात नुसत्या नागलीच्या भाकरीवर भागत नाही. आणि मशेरी! तंबाखू फक्त पुरुष खातात असं समजून डॉक्टर विचारत नाहीत आणि काकू सांगत नाहीत. मशेरीतलं निकोटिन जखमेचा रक्तपुरवठा आवळतं, ते बंद.

फाईल आणि पैसे

पहिल्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि त्यावर चिकटवलेले इम्प्लांटचे स्टिकर शोधा, रिव्हिजनच्या सर्जनला कंपनी-मॉडेल-साइज कळल्याशिवाय योग्य अवजारं मागवता येत नाहीत. मिळत नसेल तर हॉस्पिटलच्या रेकॉर्डमधनं कॉपी मागा, तो तुमचा हक्क आहे. आधी ज्यांनी सांधा बसवला त्यांच्याकडेच जा, पण विचारा की वर्षाला अशा किती केसेस करता, सोबत इन्फेक्शनचे तज्ज्ञ आणि कातडीसाठी प्लास्टिक सर्जन आहेत का. नसेल तर मुंबई-पुण्याला पाठवा म्हणायला लाजू नका, रागावण्यासारखं त्यात काही नाही. महात्मा फुले योजनेत तुमच्या केसमधलं नेमकं काय बसतं ते दाखल होण्याआधी योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा, मेडिक्लेम असेल तर दोन्ही टप्प्यांची वेगळी पूर्वपरवानगी घ्या.

नंतर, आणि ज्यांना अजून काही झालं नाही त्यांच्यासाठीही

रक्तातनं जंतू कधीही येऊ शकतो, दहा वर्षांनीही. माझ्या बघण्यात तो बऱ्याचदा पायातनं येतो. श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा अनवाणी करून आलेल्या एका काकांच्या टाचेत काटा मोडला होता, आठवड्याने पाय सुजला आणि मग खुबा. देव चपलेवर रागावत नाही असं मी सरळ सांगते. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या, टाचेच्या भेगा, द्राक्षबागेत काम करताना लागलेलं खरचटणं, यावर त्याच दिवशी उपचार. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर गर्दीत उतरणार असाल आणि पायाला उघडी जखम असेल तर त्या दिवशी घरीच आंघोळ करा. लघवीला जळजळ, करट, हलणारे दात अंगावर काढू नका. दात काढण्याआधी प्रत्येकाने अँटिबायोटिक घ्यायलाच हवी असं आता मानत नाहीत, पण मधुमेह आटोक्यात नसेल, स्टिरॉइड चालू असतील किंवा आधी इन्फेक्शन होऊन गेलं असेल तर सर्जनना विचारून घ्या.

इन्फेक्शन होऊन गेलेल्यांनी औषध बंद झाल्यावरच जास्त लक्ष द्यायचं, कारण दबलेलं असेल तर तेव्हाच वर येतं. सीआरपी डॉक्टर सांगतील तसा, पहिल्या वर्षी जरा वरचेवर, आणि किमान दोन वर्षं फॉलोअप. काकूंचा नवा गुडघा बसून आता अकरा महिने झाले, नव्वद अंशांपर्यंत वाकतो, मागच्या सोमवारी काठी घेऊन गंगेवर जाऊन आल्या, पायात मोजे आणि बूट. नातवाने घरातल्या औषधांच्या डब्यावर मार्करने सर्जनचा नंबर लिहून ठेवलाय.